शून्य आणि जवळजवळ शून्य: ग्रॅव्हिटॉनला वस्तुमान असलं तर?

रत्नागिरीत एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने मला लिहिलं आहे: ‘ग्रॅव्हिटॉनला वस्तुमान आहे असं मानणारे सिद्धांत आहेत, हे मी वाचलं. पण लायगोच्या निरीक्षणांनी त्या वस्तुमानावर इतकी लहान मर्यादा घातली आहे, की ते शून्य धरून मोकळं का होऊ नये? आणि शून्य नसेलच, तर आपल्याकडच्या भरती-ओहोटीत काही फरक दिसेल का?’ या विषयात पीएचडी करावी का, असंही तिने शेवटी विचारलं आहे. गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतांवर काम करण्यात आणि ते शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे या प्रश्नाला चार ओळींत उत्तर देणं मला जमणार नाही.

भरतीचं आधी सांगून टाकतो. काही फरक दिसणार नाही. ग्रॅव्हिटॉन म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं बल वाहून नेतो असं मानलेला कण. बल वाहून नेणाऱ्या कणाला वस्तुमान असलं, की त्या बलाला एक पल्ला मिळतो. त्या पल्ल्याच्या आत बल नेहमीसारखं अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, पलीकडे ते झपाट्याने विरून जातं. लायगो, व्हर्गो आणि काग्रा या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळांच्या तिसऱ्या यादीतल्या घटनांवरून ग्रॅव्हिटॉनच्या वस्तुमानाची कमाल मर्यादा १.२७ गुणिले १०चा उणे २३वा घात इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी निघाली आहे. या वस्तुमानाला जी कॉम्पटन तरंगलांबी येते (पल्ल्याचं माप तिच्यावरूनच ठरतं) ती साधारण १०चा १४वा घात किलोमीटर, म्हणजे सुमारे १० प्रकाशवर्षं. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर. बलातला फरक या दोन अंतरांच्या गुणोत्तराच्या वर्गाने ठरतो आणि तो १०च्या १६व्या घातात काही भाग इतकाच येतो. मिरकरवाडा बंदरातून होडी कधी काढायची हे ठरवणाऱ्याला, किंवा उधाण आणि भांग यांचं कोष्टक छापणाऱ्याला, ग्रॅव्हिटॉनचं वस्तुमान विचारात घ्यायची कधीही गरज पडणार नाही.

‘शून्य धरून मोकळं का होऊ नये’ हा तुझा प्रश्न नेमका याच हिशेबातून येतो, आणि तो रास्त आहे. पल्ला इतका मोठा असेल तर असला काय नि नसला काय! पण या हिशेबात मी वस्तुमानाचा एकच परिणाम धरला. वस्तुमान आलं की आणखी एक गोष्ट बदलते, आणि ती वस्तुमान कितीही लहान केलं तरी लहान होत नाही. तिथे पोहोचण्याआधी, लहरीला वस्तुमान असणं म्हणजे काय हे नीट पाहायला हवं. त्यासाठी तुझ्यासमोरचाच समुद्र पुरेसा आहे.

पृथ्वी फिरत नसती, तर समुद्रातल्या खूप लांब लाटांचा वेग फक्त पाण्याच्या खोलीवर ठरला असता. तासाभराची लाट असो की दिवसाभराची, दोघी एकाच वेगाने गेल्या असत्या. वस्तुमान नसलेला कण असाच वागतो: सगळ्या वारंवारतांना एकच वेग. पण पृथ्वी फिरते, म्हणून कोरिऑलिस बल येतं आणि समीकरणात एक जादा पद बसतं. लहरीच्या वारंवारतेचा वर्ग म्हणजे (अक्षांशावर ठरणाऱ्या) कोरिऑलिस गुणकाचा वर्ग, अधिक वेग गुणिले तरंगसंख्या यांचा वर्ग. आता सापेक्षतेतलं सूत्र आठव: ऊर्जेचा वर्ग म्हणजे स्थिर-ऊर्जेचा वर्ग, अधिक प्रकाशवेग गुणिले संवेग यांचा वर्ग. दोन्ही समीकरणं अक्षरशः एकच आहेत. कोरिऑलिस गुणक जिथे बसला आहे, तिथेच कणाचं वस्तुमान बसतं. समुद्राच्या या लहरींना पॉइन्कारे लहरी म्हणतात.

रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे या ‘वस्तुमाना’चा आवर्तनकाळ सुमारे ४१ तास येतो. मुंबईच्या अक्षांशावर तो सुमारे ३७ तास, आणि विषुववृत्ताकडे जावं तसा वाढत जाऊन विषुववृत्तावर अनंत, म्हणजे तिथे वस्तुमान शून्य. याचा अर्थ असा, की रत्नागिरीसमोरच्या खुल्या समुद्रात ४१ तासांपेक्षा संथ आंदोलन अशा लहरीच्या रूपाने पुढे सरकूच शकत नाही. (किनाऱ्याला चिकटून उत्तरेकडे जाणारी केल्विन लहर याला अपवाद आहे, कारण किनारा समीकरणावर आपली वेगळी अट घालतो.) मर्यादेच्या जरा वर असलेली लहर कशीबशी सरकते. मर्यादेच्या खूप वर असलेली जवळजवळ पूर्ण वेगाने जाते. साडेबारा तासांच्या आवर्तनाची लहर घेतलीस, तर तिचा समूहवेग, म्हणजे तिची ऊर्जा पुढे सरकण्याचा वेग, पूर्ण वेगापेक्षा जेमतेम ५ टक्क्यांनी कमी भरतो. आणि जोराचा वारा वाहून थांबल्यावर खुल्या समुद्रातलं पाणी घड्याळाच्या दिशेने सुमारे ४१ तासांचे फेरे घेत राहतं, ते आंदोलन म्हणजे या भाषेत जागेवर स्थिर असलेला कण.

ग्रॅव्हिटॉनला वस्तुमान असेल तर गुरुत्वीय लहरींचं हेच होईल. त्यांना एक किमान वारंवारता असेल, तिच्याखाली लहर प्रवास करणार नाही. त्या सीमेच्या जवळच्या संथ लहरी मागे रेंगाळतील, जलद लहरी पुढे जातील. लायगोच्या आत्ताच्या मर्यादेइतकं वस्तुमान खरोखर असेल, तर ही किमान वारंवारता सुमारे ३ नॅनोहर्ट्झ येते, म्हणजे दहा-एक वर्षांत एक आंदोलन.

लायगोची मर्यादा याच तत्त्वातून निघते. क्लिफर्ड विल यांनी ही युक्ती १९९८मध्येच मांडून ठेवली होती. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत जवळ येतात तेव्हा आधी कमी वारंवारतेच्या लहरी निघतात, शेवटी जास्त वारंवारतेच्या. १४ सप्टेंबर २०१५ला टिपलेल्या पहिल्या घटनेत ही वारंवारता साधारण ०.२ सेकंदात ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढली. वस्तुमान असतं, तर आधी निघालेल्या संथ लहरी वाटेत मागे पडल्या असत्या, नंतरच्या जलद लहरींनी त्यांना गाठत आणलं असतं आणि एकूण संकेत आकसलेला दिसला असता. वाट होती सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांची. त्या वेळी जाहीर झालेली मर्यादा होती १.२ गुणिले १०चा उणे २२वा घात इलेक्ट्रॉनव्होल्ट. तेवढं वस्तुमान घेऊन हिशेब कर: १०० हर्ट्झच्या लहरीला एवढ्या प्रवासात दीड-पावणेदोन मिलिसेकंद उशीर होतो आणि ३५ हर्ट्झच्या लहरीला १४-एक मिलिसेकंद. ०.२ सेकंदांच्या संकेतात एवढा फरक लपून राहत नाही. एवढ्या लांबच्या प्रवासानंतर मिलिसेकंदाचा हिशेब लागतो, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण तो जाणकारांच्या बोलण्यातही येतो. १७ ऑगस्ट २०१७ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून गुरुत्वीय लहरी आल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. १३ कोटी प्रकाशवर्षांच्या वाटेत दोघांच्या वेगात १०च्या १५व्या घातात काही भाग एवढाही फरक नव्हता, हे त्यावरून कळलं. गुरुत्वाकर्षणाचे कितीतरी पर्यायी सिद्धांत त्या दिवशी बाद झाले. वस्तुमानाच्या ग्रॅव्हिटॉनला मात्र त्याचा फारसा धक्का बसला नाही. १०च्या उणे २२व्या घाताच्या आसपास वस्तुमान असेल, तर १०० हर्ट्झला वेगातला फरक १०चा उणे २०वा घात एवढाच येतो, आणि ती तुलना इतकी बारीक नव्हतीच. वस्तुमानासाठी संकेताचा आकार पाहावा लागतो. प्रकाशाशी लावलेली शर्यत तिथे कमी पडते.

आता मूळ मुद्दा. पाण्याची उपमा इथे संपते, कारण पृथ्वी फिरायला लागली म्हणून समुद्राच्या स्वतंत्र आंदोलनांची संख्या वाढत नाही, फक्त आहेत त्यांची समीकरणं बदलतात. गुरुत्वाकर्षणात वस्तुमान आलं की ही संख्याच वाढते.

वस्तुमान नसलेल्या ग्रॅव्हिटॉनला दोन ध्रुवीकरणं, म्हणजे आंदोलनाच्या दोन स्वतंत्र अवस्था असतात. तो प्रकाशवेगाने जातो, त्याला कुणी गाठू शकत नाही, म्हणून त्याचा स्पिन (कणाची अंगभूत फिरकी) फक्त गतीच्या दिशेने किंवा तिच्या उलट असू शकतो. वस्तुमान असलेला कण स्थिर उभा असलेला पाहता येतो, आणि स्थिर कणाला सगळ्या दिशा सारख्या. स्पिन २ असेल तर त्याला पाच अवस्था असायलाच हव्यात. दोनाचे पाच होतात. वस्तुमान कितीही लहान असो, ते असलं की पाच. दोन आणि पाच यांच्यात मधला आकडा नाही.

हीच अडचण फोटॉनलाही येते. फोटॉनला वस्तुमान दिलं तर दोनाच्या तीन अवस्था होतात. पण तिसरी अवस्था विद्युतभाराशी जी जोडलेली असते ती वस्तुमानाच्या प्रमाणात; भार अक्षय्य असल्यामुळे वस्तुमान शून्याकडे नेलं की ती अवस्था सगळ्यांपासून सुटी होते आणि जुनं विद्युतचुंबकीय शास्त्र जसंच्या तसं हाती येतं. तुझ्या मनातलं ‘लहान म्हणजे शून्यच’ हे फोटॉनच्या बाबतीत अगदी बरोबर आहे.

ग्रॅव्हिटॉनच्या पाच अवस्थांपैकी दोन जुन्या, दोन सुट्या होऊन जाणाऱ्या, आणि पाचवी एक अदिश अवस्था. ही पाचवी सुटी होत नाही. ती ऊर्जा-संवेग टेन्सरच्या (पदार्थाची ऊर्जा आणि संवेग मांडणाऱ्या सारणीच्या) ट्रेसशी, म्हणजे कर्णावरच्या घटकांच्या बेरजेशी, जोडलेली राहते. सूर्य, पृथ्वी, शेंगदाणा, कशालाही वस्तुमान आहे, म्हणून त्याचा ट्रेस शून्य नाही, आणि पाचवी अवस्था त्यांच्यात जादा आकर्षण निर्माण करते. आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेत दोन स्थिर वस्तूंमधल्या आकर्षणाला १ वजा १/२ असा गुणक येतो, वस्तुमानाच्या सिद्धांतात १ वजा १/३. म्हणजे १/२च्या जागी २/३. बल ४/३ पट झालं. ग्रहांच्या कक्षा तर बदललेल्या नाहीत, म्हणून न्यूटनचा गुरुत्व स्थिरांक ३/४ पट घेऊन हिशेब जुळवावा लागतो. आणि प्रकाश? प्रकाशाचा ट्रेस शून्य असतो. पाचव्या अवस्थेचं त्याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याला जादा आकर्षण मिळालं नाही, पण कमी केलेला स्थिरांक मात्र त्याच्याही वाट्याला आला. परिणामी सूर्याजवळून जाणारा प्रकाश आइन्स्टाइन सांगतात त्याच्या तीन-चतुर्थांशच वाकायला हवा.

विजयदुर्ग किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलेले आहेत; १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणाच्या निरीक्षणासाठी ते बांधले असं सांगतात. त्या काळी ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडळाचा आणि ज्वाळांचा वर्णपट पाहायची धडपड होती. सूर्याशेजारचे तारे जागचे हललेले दिसतात का, हा प्रश्न तेव्हा पडायला कारणच नव्हतं. तो २९ मे १९१९च्या ग्रहणात प्रिन्सिपे आणि सोब्राल इथून पाहिला गेला. सूर्याच्या कडेला आइन्स्टाइनचं उत्तर १.७५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग), वस्तुमानाच्या सिद्धांताचं सुमारे १.३१ विकला. १९१९च्या छायाचित्रांच्या काचा फार अचूक नव्हत्या, पण आज शंकेला जागा नाही. कॅसिनी यानाकडे जाणाऱ्या-येणाऱ्या रेडिओ लहरींना सूर्याजवळ जो उशीर झाला, त्यावरून २००३मध्ये आइन्स्टाइनचं उत्तर लाखात काही भाग एवढ्या अचूकतेने बरोबर ठरलं. चौथाई फरक तिथे खपण्यासारखा नाही.

हा निष्कर्ष १९७०मध्ये हेंड्रिक व्हॅन डॅम आणि मार्टिनस व्हेल्टमान यांनी, आणि स्वतंत्रपणे व्हॅलेंटिन झाखारोव्ह यांनी काढला. वस्तुमानाच्या ग्रॅव्हिटॉनचं समीकरण त्याआधी १९३९मध्ये मार्कुस फिर्झ आणि वोल्फगांग पाउली यांनी लिहून ठेवलं होतं. तीस वर्षं ते पडून होतं आणि उघडलं तेव्हा त्यातून हे निघालं. हा १९७०चा निष्कर्ष मान्य केला तर एक थक्क करणारी गोष्ट हाती येते: प्रयोगशाळेत बसून, सूर्याकडे बघून, ग्रॅव्हिटॉनचं वस्तुमान अचूक शून्य आहे हे सिद्ध करता येतं. कुठल्याही राशीचं माप ‘अमुकपेक्षा कमी’ असंच येतं, पण इथे माप थेट ‘शून्य’ म्हणून येतं. हे खरं असतं तर तुला एका वाक्यात उत्तर देता आलं असतं.

ते खरं नाही, हे अर्काडी वाइनश्टाइन यांनी १९७२मध्ये दाखवलं. या विषयातला मला सर्वांत आवडणारा युक्तिवाद हाच आहे, म्हणून जरा सावकाश वाच. वरचा सगळा हिशेब रेषीय आहे: क्षेत्र क्षीण आहे, क्षेत्राचा स्वतःवरचा परिणाम सोडून देता येतो, असं त्यात धरलं आहे. सामान्य सापेक्षतेत हे सूर्याजवळही चालतं. पण पाचवी अवस्था स्वतःशी फार जोरात गुंतते, आणि वस्तुमान जितकं लहान तितकी जास्त जोरात. त्यामुळे प्रत्येक तारा-ग्रहाभोवती एक त्रिज्या असते, जिच्या आत रेषीय हिशेब कोलमडतो. वस्तुमान लहान करत गेलं की ही त्रिज्या वाढत जाते. वस्तुमान शून्याकडे न्यावं तर ती अनंताकडे जाते, आणि रेषीय हिशेब कुठेच लागू राहत नाही. १९७०चा निष्कर्ष म्हणजे वस्तुमान शून्याकडे नेतानाचं उत्तर, आणि नेमका तिथेच तो हिशेब अवैध ठरतो. त्या त्रिज्येच्या आत पाचवी अवस्था स्वतःच्याच गुंत्यात इतकी अडकते की बाहेरच्या वस्तूंवर तिचा प्रभाव जवळजवळ उरत नाही, आणि आइन्स्टाइनचं उत्तर परत येतं. आजच्या सिद्धांतात, विश्वाच्या आकाराइतका पल्ला असलेला ग्रॅव्हिटॉन घेतला तर सूर्याची ही त्रिज्या तीनशे-एक प्रकाशवर्षं येते. आपली अख्खी सूर्यमाला तिच्यात खोल आत आहे.

त्याच वर्षी डेव्हिड बोलवेअर आणि स्टॅन्ली डेझर यांनी याहून मोठा घाव घातला. गुरुत्वक्षेत्राच्या सममित सारणीत १० घटक असतात. सामान्य सापेक्षतेतली सममिती त्यांतले ८ काढून टाकते, २ उरतात. वस्तुमान दिलं की ती सममिती मोडते, फक्त ४ निघून जातात आणि ६ उरतात. फिर्झ-पाउलींनी आपलं पद अशा बेताने निवडलं होतं की सहावा निघून जाऊन ५ राहावेत. पण ते रेषीय पातळीवर. वाइनश्टाइनचा उपाय चालायचा तर अरेषीय पदं हवीतच, आणि ती आली की सहावा परत येतो. या सहाव्याची ऊर्जा ऋण असते. त्याला घोस्ट म्हणतात. असा घटक असलेला सिद्धांत स्थिर राहत नाही: पोकळीतून धन ऊर्जेचे आणि ऋण ऊर्जेचे कण एकत्र निघत राहतात, एकूण ऊर्जा शून्यच, त्यामुळे थांबवणारं काही नाही. रोग बरा करणारं औषधच जीव घेतं, असा पेच झाला. पुढची कितीतरी वर्षं बहुतेकांनी हा रस्ता बंद मानला.

तो पुन्हा उघडायला दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. १९९८मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून विश्वाचं प्रसरण वेगाने वाढतं आहे हे दिसलं, आणि खूप मोठ्या अंतरांवर गुरुत्वाकर्षण वेगळं वागत असेल का, हा प्रश्न गंभीर झाला. दुसरी गोष्ट तंत्राची. २००३मध्ये नीमा अर्कानी-हमेद, हॉवर्ड जॉर्जाय आणि मॅथ्यू श्वार्ट्झ यांनी पाचवी अवस्था समीकरणात वेगळी काढून उघड दाखवायची पद्धत दिली. घोस्ट नेमका कुठल्या पदांतून शिरतो हे त्यामुळे बोट ठेवून सांगता येऊ लागलं. मग २०१०मध्ये क्लॉडिया द राम, ग्रेगरी गाबादाझे आणि अँड्र्यू टॉली यांनी ती पदं एकेक करून अशी रचली की प्रत्येक पायरीला घोस्ट कटून जावा. सगळी पदं एकत्र केल्यावर त्यांना एक नेटकं रूप मिळालं: दोन मेट्रिक (अंतरं कशी मोजायची हे सांगणाऱ्या सारण्या) घ्यायच्या, एकीच्या व्यस्ताला दुसरीने गुणायचं आणि त्या सारणीचं वर्गमूळ काढायचं. सहावा घटक पूर्ण अरेषीय सिद्धांतातही नसतो, ही सिद्धता फवाद हसन आणि रेचल रोझन यांनी लगेच पुढे दिली.

दोन मेट्रिक म्हणजे काय, हा प्रश्न तुला पडला पाहिजे. एक आपली नेहमीची, अवकाश-काळाची. दुसरी बाहेरून ठेवलेली, न हलणारी. मला व्यक्तिशः ही दुसरी मेट्रिक खटकते. आइन्स्टाइनच्या सिद्धांताचं सगळं वैभव यात आहे, की त्यात पार्श्वभूमी म्हणून गोठवलेलं काही नाही. हसन-रोझन यांनी दुसरीलाही हलायची मोकळीक दिली, तेव्हा एक वस्तुमानाचा आणि एक बिनवस्तुमानाचा असे दोन ग्रॅव्हिटॉन मिळाले, ५ आणि २ मिळून ७ अवस्था. मला हे रूप जास्त प्रामाणिक वाटतं.

प्रसरणाच्या प्रश्नाचं काय झालं? आशा मोठी होती. पल्ला विश्वाच्या आकाराएवढा घ्यायचा, म्हणजे वस्तुमान १०चा उणे ३३वा घात इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि प्रसरणाला वेग देते असं मानलेल्या कृष्ण ऊर्जेशिवाय ते वाढतं प्रसरण समजावून सांगायचं. यात एक खरोखर भक्कम गोष्ट आहे. वस्तुमान शून्य केलं की सममिती परत येते, त्यामुळे क्वांटम दुरुस्त्या लहान वस्तुमानाला लहानच ठेवतात. विश्वस्थिरांकाला, म्हणजे कृष्ण ऊर्जेच्या सर्वांत साध्या रूपाला, असं संरक्षण नाही. तो लहान का आहे हे आजही कोडं आहे. पण सर्वांत साध्या रूपात या सिद्धांताला सपाट, एकसारखं प्रसरण पावणारं विश्व मान्यच नाही, तसं उत्तर समीकरणांत सापडत नाही. वक्रतेचं विश्व सापडतं, तर ते अस्थिर निघतं. शिवाय आत्सुशी हिगुची यांनी १९८७मध्येच दाखवलं होतं, की वेगाने प्रसरणाऱ्या विश्वात वस्तुमान प्रसरणाच्या दरापेक्षा फार लहान असेल तर पाचवी अवस्थाच घोस्ट होते. आणखी एक मर्यादा: या वस्तुमानाला सिद्धांताचा रेषीय-क्वांटम हिशेब हजार-एक किलोमीटरपेक्षा लहान अंतरांवर भरवशाचा राहत नाही. डहाणूपासून रेडीपर्यंतचा आपला सगळा किनारा साधारणपणे ७२० किलोमीटरचा धरतात. त्याहून मोठी ही लांबी आहे. ताऱ्या-ग्रहांजवळ ती लांबी बदलते आणि परिस्थिती सुधारते असं मानायला कारणं आहेत, पण हा खुला प्रश्न आहे आणि तो झाकून ठेवणं मला पटत नाही.

आता तुझ्या ‘शून्य का धरू नये’ला सरळ उत्तर देता येतं. लायगोची मर्यादा १०च्या उणे २३व्या घाताची, सिद्धांताला रस असलेलं वस्तुमान १०च्या उणे ३३व्या घाताचं. मध्ये दहा दशमान पायऱ्या आहेत. म्हणजे लायगोने अजून या कल्पनेच्या गाभ्याला हातही लावलेला नाही. आणि खालीही एक तळ आहे: विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं, त्यामुळे १०च्या उणे ३३व्या घाताच्या बरंच खालचं वस्तुमान, त्याच्या आंदोलनाला पुरेसा काळच झाला नसल्याने, लहरींच्या प्रवासावरून शून्यापासून वेगळं ओळखता येणार नाही. तपासायचं ते या दोन आकड्यांच्या मध्ये.

त्या मधल्या पट्ट्यात उतरायचे मार्ग आहेत. पल्सारांच्या (नियमित ठोक्याने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या) ठोक्यांवरून नॅनोहर्ट्झच्या लहरी शोधणाऱ्या गटांनी जून २०२३मध्ये अशा लहरींचे पुरावे जाहीर केले. त्यात आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं वापरणारा भारतीय गटही आहे. मघाशी किमान वारंवारता काढली होती ती ३ नॅनोहर्ट्झ. त्याच्या खालच्या वारंवारतेला लहरी निर्विवाद दिसल्या, की मर्यादा आपोआप खाली सरकते. वेगवेगळ्या दिशांच्या पल्सारांमधला परस्परसंबंध दाखवणारा हेलिंग्ज-डाउन्स आलेखही वस्तुमानामुळे बदलतो. २०२४मध्ये मंजुरी मिळालेली युरोपची लिसा ही अंतराळातली मोहीम मिलिहर्ट्झच्या लहरी ऐकेल. तिथे वारंवारता कमी आणि अंतरं प्रचंड, म्हणून वस्तुमानाची पकड कितीतरी घट्ट होईल. चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून त्याचं अंतर सेंटिमीटरपेक्षाही बारीक मोजतात. वाइनश्टाइनच्या त्रिज्येच्या आत पाचवी अवस्था दबते, पण पूर्ण मरत नाही. वस्तुमानाच्या सिद्धांताच्या जवळच्या नात्यातल्या काही सिद्धांतांत चंद्राच्या कक्षेचं वळण अगदी सूक्ष्म प्रमाणात बदलतं आणि ते मोजण्याच्या टप्प्यात येतं. मला स्वतःला हा रस्ता सर्वांत आशादायक वाटतो, कारण तो वस्तुमानाचा पल्ला न पाहता थेट पाचव्या अवस्थेचा माग काढतो.

पीएचडीचं. निव्वळ वस्तुमानाच्या सिद्धांताचं नवं रूप रचायचं म्हणून येऊ नकोस. ती खाण बरीच उपसून झाली आहे. दोन मेट्रिकच्या सिद्धांतात कृष्णविवरं कशी असतात, ती स्थिर असतात का, दोन एकमेकांत मिसळताना पाचवी अवस्था किती ऊर्जा बाहेर नेते, हे संगणकावर सोडवायचं काम मोठं आहे आणि अवघड आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतं आहे. त्याची माहिती हाती येईल तेव्हा असे तयार संकेत लागतील. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत या निरीक्षणांवर काम करणारी माणसं आहेत, त्यांना लिहायला संकोच करू नकोस.

पण त्याआधी एक काम कर. फिर्झ-पाउली समीकरणावरून दोन स्थिर वस्तूंमधला ४/३ हा गुणक स्वतः, हाताने काढ. दहा घटकांपैकी कुठले कुठल्या अटीने निघून जातात ते एकेक करून लिही. प्रकाशासाठी तोच हिशेब कर आणि ट्रेस शून्य ठेवल्यावर काय उरतं ते बघ. मग गोलाकार ताऱ्यासाठी पाचव्या अवस्थेचं पहिलं अरेषीय पद घाल आणि ते रेषीय पदाइतकं कुठे होतं ते शोध. वाइनश्टाइनची त्रिज्या तिथे तुला मिळेल. सूर्याचं वस्तुमान घाल, नंतर पृथ्वीचं. दोन आठवड्यांचं काम आहे, जास्तच लागले तरी चालतील. अडलीस तर जिथे अडलीस ते पान पाठव.